रॅपामायसिन: ठेवून दिलेल्या मातीचं प्रकरण

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या फाइलमध्ये स्टेंटचं, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीदार नळीचं, एक स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर स्टेंटची लांबी, व्यास, बॅच क्रमांक आणि बऱ्याचदा ‘सिरोलिमस’ हा शब्द असतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांना मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावरही हेच नाव दिसतं. सिरोलिमसचं मूळ नाव रॅपामायसिन. ते मातीतल्या एका जिवाणूनं बनवलेलं रसायन आहे. ही माती आली प्रशांत महासागरातल्या रापा नुई नावाच्या बेटावरून. जग या बेटाला ईस्टर बेट म्हणून ओळखतं.

मातीतल्या जिवाणूपासून औषध कसं मिळतं हे शिकवताना आपण सहसा चार पायऱ्या सांगतो: माती आणली, जिवाणू वेगळा केला, रसायन शुद्ध केलं, औषध बाजारात आलं. या प्रकरणात माती जहाजात चढली १९६५ मध्ये आणि औषधाला मान्यता मिळाली १९९९ मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत प्रयोगशाळेतलं प्रत्यक्ष काम थोडंच झालं. बराचसा काळ माती, जिवाणू किंवा रसायन कुणीतरी टाकून न देता ठेवून दिलेलं होतं, एवढंच. औषध मिळालं ते या ठेवून देण्यामुळे, असं माझं मत आहे. आणि या हिशोबात एक पक्ष अगदी सुरुवातीपासून गळलेला आहे, त्याबद्दलही मला लिहायचं आहे.

बेटावर

चिलेच्या सरकारनं १९६० च्या दशकात रापा नुईवर धावपट्टी बांधायचं ठरवलं. तोपर्यंत बाहेरच्या जगाशी बेटाचा संबंध म्हणजे अधूनमधून येणारं एखादं जहाज. विमानं सुरू झाली की बाहेरचे रोग येणार, खाणंपिणं बदलणार. त्याआधी तिथल्या माणसांची, प्राण्यांची आणि मातीची पूर्ण नोंद करून ठेवावी, अशी कल्पना मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले डॉ. स्टॅनली स्कोरिना यांनी मांडली. कॅनडाच्या नौदलानं ‘केप स्कॉट’ हे जहाज दिलं. नोव्हेंबर १९६४ मध्ये ते हॅलिफॅक्सहून निघालं, डिसेंबरात बेटावर पोचलं आणि मोहीम फेब्रुवारी १९६५ पर्यंत तिथे राहिली. बेटावर तेव्हा सुमारे हजार माणसं होती. मोहिमेनं जवळजवळ सगळ्यांची तपासणी केली, रक्ताचे नमुने घेतले, क्ष-किरण छायाचित्रं काढली.

या हजार माणसांची तेव्हाची स्थिती समजून घेतली पाहिजे. चिलेनं १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतलं आणि नंतर कित्येक दशकं त्याचा बहुतेक भाग मेंढ्यांच्या कुरणासाठी एका परदेशी कंपनीला भाड्यानं दिला. मूळ रहिवासी हांगा रोआ या एकाच वस्तीत कोंडले गेले. १९५३ मध्ये कंपनीचा करार संपला आणि कारभार नौदलाकडे गेला. मोहीम बेटावर होती त्याच महिन्यांत अल्फोन्सो रापू या तरुण शिक्षकाच्या नेतृत्वाखाली लोकांनी नौदलाच्या राजवटीविरुद्ध उठाव केला आणि रापूंना आपला महापौर निवडलं. चिलेचे नागरिक म्हणून पूर्ण हक्क त्यांना मिळाले ते १९६६ च्या कायद्यानं. म्हणजे ज्या वेळी त्यांचं रक्त आणि त्यांची माती नमुना म्हणून गोळा होत होती, त्या वेळी त्यांना चिलेच्या निवडणुकांत मतदानाचाही अधिकार नव्हता.

मोहिमेत ज्यॉर्ज नोग्रादी नावाचे मॉन्ट्रियल विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. बेटावर घोडे पुष्कळ, माणसं अनवाणी हिंडतात, पायाला जखमा होतात, तरी धनुर्वात का दिसत नाही? धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू घोड्याच्या लिदेतून मातीत येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. उत्तर शोधायला नोग्रादींनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातून माती घेतली. धनुर्वाताचे बीजाणू फक्त एका नमुन्यात निघाले. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता.

माती मात्र त्यांनी फेकली नाही.

मॉन्ट्रियलमध्ये

आयर्स्ट या औषध कंपनीची संशोधन प्रयोगशाळा तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये होती. १९६९ मध्ये नोग्रादींचे नमुने त्या प्रयोगशाळेला मिळाले. तिथे क्लॉद वेझिना आणि सुरेंद्रनाथ सेहगल यांचा गट मातीतून नवी प्रतिजैविकं शोधत होता. सेहगल यांचा जन्म १९३२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधल्या खुशाब गावचा. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी औषधनिर्माणशास्त्र केलं, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला डॉक्टरेट मिळवली आणि १९५९ मध्ये ते आयर्स्टमध्ये रुजू झाले.

हे काम हातानं कसं करतात ते थोडं सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. माती आधी हवेवर सुकू देतात. सुकण्यात नाजूक जिवाणू बरेच मरतात, पण अनेक प्रतिजैविकं बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूंच्या गटाचे बीजाणू टिकतात, आणि शोधणाऱ्याला तेच हवे असतात. मग एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीतल्या नऊ मिलिलिटर पाण्यात घालायचं, त्यातलं एक त्याच्या पुढच्या नळीत, असं दहा-दहा पटींनी पातळ करत जायचं. शेवटच्या नळ्यांतला थेंब अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरायचा आणि डिश उबवायला ठेवायची. साधे जिवाणू दुसऱ्याच दिवशी ओलसर, चकाकणाऱ्या ठिपक्यांनी उगवतात. स्ट्रेप्टोमायसीसला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. त्याची वसाहत लहान, कोरडी, टणक असते आणि अगारमध्ये मुळं रोवून बसते. सुईनं उचलायला गेलं तर अगारचा तुकडा सोबत निघतो. वर पांढुरक्या किंवा राखाडी बीजाणूंची भुकटी धरते. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, कारण मृद्गंध म्हणून आपण ज्याला ओळखतो ते जिओस्मिन हे रसायन हेच जिवाणू बनवतात. योगायोग असा की जिओस्मिनची पहिली ओळख अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात पटली ती १९६५ मध्येच.

ईस्टर बेटाच्या एका नमुन्यातून मिळालेला जिवाणू स्ट्रेप्टोमायसीस हायग्रोस्कोपिकस या जातीचा ठरला. (वर्गीकरण सुधारल्यावर २००८ मध्ये त्याला स्ट्रेप्टोमायसीस रॅपामायसिनिकस असं स्वतंत्र नाव मिळालं.) त्यानं बनवलेलं रसायन कँडिडा अल्बिकन्स या बुरशीची वाढ रोखत होतं. १९७२ पर्यंत ते शुद्ध रूपात हाती आलं आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हणू लागले. १९७५ मध्ये वेझिना, सेहगल आणि ॲलिशिया कुडेल्स्की यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कँडिडाच्या दहा स्ट्रेनवर (उपप्रकारांवर) एका मिलिलिटरला ०.०२ ते ०.२ मायक्रोग्रॅम एवढी अत्यल्प मात्रा पुरत होती. जिवाणूंवर मात्र काहीच परिणाम नाही. सारांशात माती ईस्टर बेटाची असल्याचा उल्लेख आहे. निबंधाच्या लेखकांत नोग्रादींचं नाव नाही.

कंपनीला हवं होतं बुरशीवरचं औषध. महिलांना होणाऱ्या कँडिडाच्या संसर्गासाठी किंवा त्वचेच्या बुरशीसाठी हे चाललं असतं. पण आयर्स्टच्याच शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबतं. बुरशी झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्तीच खाली आणणारं औषध कोण देणार? त्या कामापुरतं ते तिथेच संपलं. सेहगल यांनी नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवले. तिथे काही घन गाठींची वाढ थांबल्याचं दिसलं. पेशी मरत नव्हत्या, वाढायच्या थांबत होत्या, आणि तेव्हाची कर्करोगाची औषधं पेशी मारणारी होती. कंपनीनं पुढे पैसा घातला नाही.

१९८२ च्या सुमारास आयर्स्टनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली. बरेच जण कामावरून गेले, सेहगल यांच्यासह थोड्यांची बदली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला झाली. ज्या रसायनांवर काम चालू नाही ती टाकून द्यायची होती. सेहगल यांनी निघण्याआधी रॅपामायसिनची एक शेवटची मोठी बॅच करून घेतली, कुप्या घरी नेल्या आणि घरातल्या फ्रीझरमध्ये ‘खाऊ नका’ असं लिहून ठेवल्या. त्यांच्या कुटुंबीयांनी ही हकीकत नंतर जाहीरपणे सांगितलेली आहे. घर हललं तेव्हा त्या कुप्याही नव्या गावी गेल्या. कंपनीच्या नियमांत हे बसत नव्हतं हे उघड आहे. तरीही शास्त्रज्ञाचा आपल्या सामग्रीवरचा विश्वास कसा असतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एकच गुण, दोन नावं

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. रॅपामायसिन बुरशी रोखतं आणि प्रतिकारशक्तीही दाबतं, हे दोन वेगळे गुण आहेत असं पंधरा वर्षं सगळे समजत होते. पहिला गुण कामाचा, दुसरा त्रासाचा. मुळात तो एकच गुण होता. हे कळायला १९९१ साल उजाडावं लागलं.

त्याआधी जपानमधून मदत आली, तीही नकळत. त्सुकुबा इथल्या मातीतून फुजिसावा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दुसऱ्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून टॅक्रोलिमस मिळवलं. आज आपल्याकडे पुण्या-मुंबईत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला सहसा पहिल्यांदा मिळणारं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध तेच आहे. त्याहीआधी नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं होतं आणि १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळून प्रत्यारोपणाचं चित्रच बदललं होतं. टॅक्रोलिमसची रचना जाहीर झाली तेव्हा ती रॅपामायसिनशी बरीच जुळते हे लक्षात आलं. १९८७ मध्ये आयर्स्ट आणि वायथ या औषध कंपन्या एकत्र झाल्या होत्या, व्यवस्थापन नवं होतं. सेहगल यांनी त्यांच्यासमोर पुन्हा प्रस्ताव ठेवला आणि या वेळी होकार मिळाला. १९८९ मध्ये केंब्रिजमधले रॉय कॅल्न आणि स्टॅनफर्डमधले रँडल मॉरिस यांच्या गटांनी वेगवेगळे प्रयोग करून दाखवलं की रॅपामायसिन दिलेल्या प्राण्यांत प्रत्यारोपित अवयव जास्त काळ टिकतो.

पण ते काम कसं करतं? टॅक्रोलिमस आणि रॅपामायसिन पेशीत शिरल्यावर एकाच प्रथिनाला चिकटतात. त्याचं नाव एफकेबीपी-१२. मग दोघांचा परिणामही सारखाच असायला हवा होता. तसा तो नव्हता. प्रतिकारशक्तीचं काम करणारी टी पेशी जागी होण्याची पहिली पायरी टॅक्रोलिमस अडवत होतं, तर रॅपामायसिन दिलेली पेशी जागी व्हायची, पण तिची संख्या वाढायची नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी पाव फुगवायच्या यीस्टवर हा प्रश्न सोडवला. रॅपामायसिनला न जुमानणारे यीस्ट त्यांनी वेचून काढले आणि त्यांच्यात कोणतं जनुक बदललंय ते पाहिलं. दोन नवी जनुकं सापडली. त्यांना टॉर-१ आणि टॉर-२ म्हणतात. १९९४ मध्ये तेच प्रथिन सस्तन प्राण्यांतही सापडलं, आज ते एमटॉर म्हणून ओळखलं जातं.

एमटॉर हे पेशीला वाढायची परवानगी देणारं प्रथिन आहे. अमिनो आम्लं पुरेशी आहेत का, ऊर्जा आहे का, वाढीचा संदेश आला आहे का, हे सगळं तपासून ते प्रथिननिर्मिती सुरू करतं. अन्न कमी पडलं की ते शांत होतं आणि पेशी स्वतःतलाच जुना माल मोडून वापरू लागते. रॅपामायसिन एका बाजूनं एफकेबीपी-१२ ला धरतं, दुसऱ्या बाजूनं एमटॉरला, आणि दोघांना अडकवून टाकतं. पेशीला वाटतं, उपासमार चालू आहे. ती मरत नाही, थांबते.

हे प्रथिन बुरशीतही आहे आणि माणसातही, कारण ते दोघांच्या सामाईक पूर्वजापासून आलेलं आहे. कँडिडा थांबते, टी पेशी थांबते, गाठीतली पेशी थांबते. तिन्हीकडे एकच कारण. १९७७ च्या उंदरांतला ‘दुष्परिणाम’ आणि कर्करोग संस्थेतलं ‘पेशी मरत नाहीत’ हे निरीक्षण, दोन्ही अचूक होती. त्यांचा अर्थ लावायला लागणारं जीवशास्त्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, आणि ते जीवशास्त्र जन्माला आलं तेही या रसायनामुळेच. म्हणून कंपनीनं तेव्हा चुकीचा निर्णय घेतला असं मी म्हणणार नाही. हातातल्या माहितीवर तो बरोबर होता. टाकून देण्याचा निर्णय मात्र कोणत्याही माहितीवर बरोबर नव्हता.

पुढचं बरंच काही या एका गुणातून निघतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी रॅपामायसिनला मान्यता दिली. स्टेंटची गोष्टही तीच. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी ताणली की तिच्या भिंतीतल्या स्नायुपेशी दुखापतीला उत्तर म्हणून वाढू लागतात आणि काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होते. स्टेंटवर सिरोलिमसचा लेप दिला की त्या पेशी थांबतात. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोत असा पहिला स्टेंट रुग्णाला बसवला गेला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३८ रुग्णांच्या चाचणीत साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा निम्म्याहून अधिक अरुंद झाली होती, सिरोलिमसच्या स्टेंटमध्ये एकाचीही नाही. पुढच्या मोठ्या चाचण्यांत शून्य टिकलं नाही, फरक मात्र टिकला. भारतात तयार होणाऱ्या अनेक स्टेंटवर आजही सिरोलिमसच असतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर स्टेंट होता, पण त्यावरचं औषध मातीतून आलं हे फारसं कुणी लिहिलं नाही.

तोट्याची बाजूही त्याच गुणाची. पेशी वाढू न देणारं औषध जखम भरू देत नाही. तोंड येतं, रक्तातली चरबी वाढते, संसर्गाचा धोका वाढतो. फुप्फुस प्रत्यारोपणात श्वासनलिकेचा जोड सुटल्याच्या आणि यकृत प्रत्यारोपणात रक्तवाहिनीत गुठळी झाल्याच्या घटनांमुळे त्या दोन ठिकाणी ते वापरू नये, असा ठळक इशारा औषधावर छापलेला असतो.

जिवाणू हे बनवतो कसं

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण ही बाजू मला सगळ्यात सुंदर वाटते. रॅपामायसिनचा रेणू मोठा आहे: ५१ कार्बन, ७९ हायड्रोजन, एक नायट्रोजन, १३ ऑक्सिजन, आणि ३१ अणूंचं एक भलं मोठं कडं. प्रयोगशाळेत तो पायरीपायरीनं बांधता येतो, १९९३ पासून बांधलाही गेला आहे, पण विकण्याइतका स्वस्त कधीच नाही. आजही तो जिवाणूकडूनच करून घेतला जातो.

१९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या गटानं त्याची जनुकं वाचली. डीएनएचा सुमारे एक लाख सात हजार अक्षरांचा सलग पट्टा या एका रसायनाच्या कामाला लागलेला आहे. त्यात तीन अजस्र जनुकं आहेत आणि त्यांपासून बनणाऱ्या प्रथिनांवर मिळून चौदा टप्पे. कारखान्यातल्या पट्ट्यावर माल पुढे सरकतो तसा अर्धवट रेणू एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला दोन किंवा तीन कार्बनचा एक तुकडा जोडला जातो: सात ॲसिटेटचे, सात प्रोपिओनेटचे. सुरुवातीचा तुकडा शिकिमिक आम्लापासून येतो. शेवटी लायसिनपासून बनलेलं पिपेकोलिक आम्ल जोडलं जातं आणि कडं बंद होतं. मग आणखी काही एन्झाइम येऊन ऑक्सिजन आणि मिथिलचे गट योग्य जागी बसवतात.

एवढा खटाटोप एक सूक्ष्मजीव कशासाठी करतो? सोपं उत्तर असं की शेजारच्या बुरशीला अडवायला. मातीत अन्न थोडं, वाटेकरी पुष्कळ, आणि बुरशीच्या प्रत्येक पेशीत टॉर आहेच. हे उत्तर बहुधा बरोबर आहे, पण पुरेसं नाही. मातीत ही रसायनं फार कमी प्रमाणात असतात, आणि इतक्या कमी प्रमाणात ती मारण्यापेक्षा इशारा देण्याचं काम करत असावीत असं मानणारे शास्त्रज्ञही आहेत. मला वाटतं, आपण ज्याला सरसकट ‘प्रतिजैविक’ म्हणतो ते मातीतल्या जिवाणूच्या दृष्टीनं वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळं काहीतरी असणार.

आणखी एक गोष्ट, कारण ईस्टर बेटाची गूढ माती वगैरे वर्णनं वाचून चीड येते. रॅपामायसिन फक्त त्याच बेटावर मिळतं असं नाही. १९९० च्या दशकात ॲक्टिनोप्लेनिस या वेगळ्याच वंशातल्या जिवाणूलाही ते बनवताना पाहिलं गेलं. बेटाला अद्‌भुताचं वलय देण्याची गरज नाही. जी माती तपासली गेली आणि ठेवली गेली, तिच्यातून ते मिळालं.

उंदीर आणि माणूस

२००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीनं केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. खाण्यातून रॅपामायसिन दिलेले उंदीर जास्त जगले. सर्वाधिक वयाच्या मापानं माद्या १४ टक्के, नर ९ टक्के. विशेष म्हणजे औषध सुरू केलं तेव्हा उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशोबानं साठीच्या आसपासचे होते. हे ठरवून केलेलं नव्हतं. रॅपामायसिन पाण्यात विरघळत नाही आणि खाद्यात मिसळलं की खराब होतं. त्यावर आवरण चढवण्याची पद्धत बसवण्यात इतका वेळ गेला की उंदीर म्हातारे झाले. इथेही थांबणं कामी आलं.

यावरून आज परदेशात, आणि आता आपल्याकडच्या शहरांतही, धडधाकट माणसं आयुष्य वाढवायला हे औषध घेऊ लागली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: माणसाचं आयुष्य यानं वाढतं असं दाखवणारी चाचणी अजून झालेली नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध समाजमाध्यमावरच्या सल्ल्यानं घेणं धोक्याचं आहे. जिथे पुरावा आहे तिथे ते खरोखर मोलाचं आहे. मुख्यतः स्त्रियांच्या फुप्फुसांना होणाऱ्या लॅम या दुर्मीळ आजारात एमटॉरला आवर घालणारं जनुकच बिघडलेलं असतं. २०१५ मध्ये त्या आजारावरचं मान्यता मिळालेलं पहिलं औषध रॅपामायसिन ठरलं.

सेहगल यांना १९९८ मध्ये मोठ्या आतड्याचा, पसरलेला कर्करोग असल्याचं निदान झालं. त्यांनी स्वतः रॅपामायसिन घ्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त जगले. पुढे औषधाचाच परिणाम आहे का हे पाहायला त्यांनी ते बंद केलं. आजार परतला आणि जानेवारी २००३ मध्ये ते गेले. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रॅपामायसिनपासून बनवलेल्या पहिल्या कर्करोगविरोधी औषधाला मान्यता मिळाली २००७ मध्ये, मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी.

हिशोबातून गळलेले

बेटावर रानो काऊ ज्वालामुखीजवळ एक पाटी आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी नोव्हेंबर २००० मध्ये ती लावली. जानेवारी १९६५ मध्ये इथून घेतलेल्या मातीतून रॅपामायसिन मिळालं आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी नवं युग सुरू झालं, असं तीवर पोर्तुगीज भाषेत लिहिलं आहे. बेटावरचे लोक बोलतात रापा नुई आणि स्पॅनिश. त्यांच्या मातीतून आलेल्या औषधावर कंपन्यांनी मोठा व्यवसाय केला. बेटाला त्यातलं काही मिळालं नाही.

त्या काळी तसा कायदाच नव्हता, हे खरं. एखाद्या देशातल्या जैविक संसाधनावर त्या देशाचा हक्क आहे हे जगानं मान्य केलं १९९२ च्या जैवविविधता करारात, आणि फायद्याची वाटणी कशी करायची याचे नियम ठरले २०१० मध्ये जपानमधल्या नागोयाला. मागच्या तारखेनं ते लागू होत नाहीत. पण ‘तेव्हा कायदा नव्हता’ इथे चर्चा थांबवणं मला पटत नाही. श्रेय द्यायला कायदा लागत नाही. नोग्रादींचं नाव लिहायला शाईचा एक थेंब पुरला असता. ज्यांनी परक्या डॉक्टरांना आपलं रक्त आणि आपली जमीन तपासू दिली, त्यांचा उल्लेख करायला एक वाक्य पुरलं असतं. गेल्या काही वर्षांत काही शास्त्रज्ञ हा इतिहास नव्यानं लिहू लागले आहेत, ते योग्यच झालं.

आपल्यापुरतं पाहायचं तर भारतात २००२ चा जैविक विविधता कायदा आहे, आणि त्याच्या व्याख्येत सूक्ष्मजीवही येतात. स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, राज्याचं मंडळ नागपूरला आहे. जिवाणू सांभाळायची सोयही आपल्याकडे चांगली आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि पुण्यातच सूक्ष्मजीव संसाधनांचं राष्ट्रीय केंद्र आहे. पेटंटसाठी जमा केलेले जिवाणू ठेवण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता या केंद्राला आहे. रॅपामायसिनचा मूळ स्ट्रेन असाच अमेरिकेतल्या सरकारी संग्रहात जमा झाला, म्हणून कंपनीची प्रयोगशाळा बंद पडली तरी जिवाणू जगाच्या हाती राहिला.

अडचण आहे ती संग्रहाच्या अलीकडे, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत. दरवर्षी एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी शेतातून, डोंगरावरून, गोठ्यामागून माती आणतात, दहा-वीस स्ट्रेप्टोमायसीस वेगळे करतात, स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलायवर तपासतात, आणि जिथे वाढ थांबल्याचं मोकळं वर्तुळ दिसत नाही त्या प्लेट ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करून) टाकतात. रॅपामायसिनचा जिवाणू या चाचणीत नापास झाला असता, कारण जिवाणूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. निदान बुरशीवर एक चाचणी घ्यावी, आणि निष्फळ ठरलेले स्ट्रेनही ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवावेत. त्याला फार खर्च येत नाही. उणे ऐंशीचा फ्रीझर नसेल तर बीजाणू निर्जंतुक कोरड्या मातीत मिसळूनही वर्षानुवर्षं टिकतात. ही जुनीच पद्धत आहे.

आणि नळीवर ‘माती-७’ एवढंच लिहू नये. गाव, गट क्रमांक, किती खोलीवरून घेतली, तारीख, त्या वेळी शेतात कोणतं पीक होतं, आणि ज्यांच्या जमिनीतून घेतली त्यांचं नाव, त्यांच्या संमतीसह, वहीत नोंदवावं. त्या वहीची एक प्रत विभागात आणि एक गावच्या समितीकडे द्यावी. संग्रहात स्ट्रेन जमा करायची वेळ आली, तर नमुना कुठला या रकान्यात नुसत्या जिल्ह्याऐवजी गावाचं नाव लिहिता येईल.